एकटीचा प्रवास : इंदूर ते टोकियो



रेखांश, स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा पाठ भूगोलाच्या पुस्तकात दरवर्षी येतो आणि परीक्षा संपली की दरवर्षी विसरला जातो. या अंकात तोच पाठ आम्ही निराळ्या रीतीने घेत आहोत. आपल्या शाळेतून बारावी झालेली एक विद्यार्थिनी पुढील शिक्षणासाठी २०२४ च्या एप्रिलच्या आरंभी एकटीच जपानला गेली. विमानात बसण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. तो प्रवास आणि टोकियोतला पहिला दिवस यांची हकीगत तिने आम्हास आधी फोनवर व पुढे सुट्टीत आली तेव्हा समक्ष सांगितली. नाव छापू नये अशी तिची इच्छा आहे, तेव्हा तुम्ही तिला ताई म्हणा.

लिहिण्यास दुसरेही एक कारण आहे, ते पालकांसाठी. बाहेरगावी शिक्षणाची जागा मिळूनही घरीच राहिलेल्या मुली आम्ही बऱ्याच पाहिल्या. पैसा नव्हता म्हणून त्या राहिल्या असे नाही, बरोबर जाणारे कोणी नव्हते म्हणून राहिल्या. ताईच्या घरीही महिनाभर हाच विषय चालला होता. आजींचा एकच प्रश्न, "पण सोबत कोण?" वडील म्हणत, "पोरगी अजून एकटी उज्जैनला गेली नाही, आणि एकदम जपान!" शेवटी ते तिला घेऊन शाळेत आले. आम्ही त्यांना धीर वगैरे दिला नाही. कपाटातून पृथ्वीगोल काढला आणि एक दोरा मागवला.

दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर व दुसरे टोकियोवर धरून ताणले की दोरा हिमालय आणि तिबेटवरून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट वाकडी दिसते, पण गोलावर तीच सर्वांत जवळची, सुमारे ५,९०० किलोमीटरची. मात्र प्रवासी विमाने सहसा हिमालयाला दक्षिणेकडून वळसा घालून म्यानमार व दक्षिण चीनवरून जातात. कारण विमानातील हवेचा दाब काही बिघाडाने कमी झाला, तर वैमानिकाला ताबडतोब सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते. खाली तिबेटचे पठारच चार-साडेचार हजार मीटर उंच असेल तर उतरणार कोठे? वडिलांनी हे ऐकले आणि प्रथमच आजींचा प्रश्न सोडून स्वतःचा एक प्रश्न विचारला, "मग वेळ किती लागतो?"

जाताना साडेसात-आठ तास. पण घड्याळाचा हिशोब निराळा आहे. आम्ही स्वतः पदवी हिंदी माध्यमातून घेतली, त्यामुळे आमच्या तोंडी अजून 'देशांतर' येते. मराठी पुस्तकात त्याला रेखांश म्हणतात, अर्थ एकच. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून घेतात, जपानची १३५ अंशावरून. फरक ५२.५ अंशांचा, म्हणून जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास.

येथपर्यंत पुस्तकात आहे. आता पुढे पाहा. इंदूर ८२.५ अंशावर नाही, ते सुमारे ७५.९ अंशावर आहे. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर सुमारे २६ मिनिटांनी. टोकियो आहे १३९.७ अंशावर, तेथे सूर्य घड्याळाच्या सुमारे १९ मिनिटे आधीच डोक्यावर येतो. दोन्ही फरक साडेतीन तासांत मिळवले की सूर्याच्या हिशोबाने इंदूर आणि टोकियो यांत सव्वाचार तासांचे अंतर पडते. घड्याळ साडेतीन तास पुढे करायला एक क्षण लागतो, शरीराला सव्वाचार तास पुढे जायला तीन-चार दिवस लागतात. शिवाय माणसाच्या शरीरातील घड्याळ मुळातच २४ तासांहून किंचित मंद चालते. म्हणून उशिरा झोपणे आपल्याला सोपे आणि लवकर झोपणे अवघड. पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा जड जातो तो याचमुळे.

निघण्यापूर्वी सामान तपासले. आईने प्रेमाने ताजी लिंबे आणि कढीपत्ता बांधला होता, तो काढावा लागला. ताजी फळे, भाजी व पाने तपासणीच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत. त्यांच्यावरून कीड देशात शिरू नये म्हणून ही काळजी. शेव आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांना हरकत नव्हती. औषधांचे मात्र पालकांनी लक्षात ठेवावे. आपल्याकडे सर्दीवर सहज घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि ते १० टक्क्यांहून अधिक असलेले औषध जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. डॉक्टरांना विचारूनच गोळ्या बांधाव्यात.

विमान दिल्लीहून रात्री नऊच्या सुमारास निघाले. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरचे तापमान उणे ५० अंशांच्या जवळपास असते. आत दाब वाढवून ठेवतात, तरी तो जमिनीवरच्याइतका नसतो, साधारण मसुरी किंवा नैनितालच्या उंचीवर असावा तेवढा असतो. चढताना व उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात ते दाब बदलतो म्हणून. जांभई दिली किंवा आवंढा गिळला की घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. आतील हवा फार कोरडी असते, त्यामुळे तहान नसली तरी पाणी प्यावे आणि मधूनमधून उठून चार पावले चालावे. ताईची जागा दोघांच्या मधली होती. उठायचा संकोच वाटला म्हणून ती चार तास बसून राहिली आणि पाय सुजले. तिसऱ्या माणसाला "जरा उठता का?" म्हणणे हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे.

तिला झोप लागली नाही. हातातले घड्याळ तिने मुद्दाम इंदूरच्याच वेळेवर ठेवले होते. त्यात पहाटेचे तीन वाजायच्या आत खिडकीबाहेर सूर्य उगवला. विमान सूर्याच्या दिशेने जात होते, रात्र दोन्ही बाजूंनी आखडत होती. ती म्हणाली, "सर, पाठ केलेले सगळे खरे असते हे तेव्हा कळले."

नारिता विमानतळ टोकियो शहराच्या पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेथे परदेशी प्रवाशाच्या दोन्ही तर्जनींचे ठसे घेतात व छायाचित्र काढतात. शिक्षणासाठी दीर्घकाळ राहणाऱ्यांना निवासपत्रही तेथेच हाती देतात. या सर्वांतून बाहेर पडायला साडेनऊ वाजले. शहरात जाण्यास जलद गाडी होती आणि निम्म्याहून कमी पैशांत नेणारी साधी गाडीही. ती साध्या गाडीने उएनोला गेली. डब्यात कोणी फोनवर बोलत नव्हते. आपल्या सिटी बसमध्ये वाढलेल्या मुलीला ती शांतता विमानापेक्षाही परकी वाटली.

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या विशेष आवडीची आहे. जपानी लिपीत चिनी चित्राक्षरांखेरीज दोन अक्षरमाला आहेत. त्यांतली काताकाना परदेशी शब्दांसाठी वापरतात. ताईने ती निघण्यापूर्वी दोन महिन्यांत शिकून घेतली होती. अक्षरांचा क्रम तिला पाठ करावाच लागला नाही. स्वर अ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचे वाटते ना? 'सा' उभा आहे तो आपल्या 'च' वर्गाच्या जागी आणि 'हा' उभा आहे 'प' वर्गाच्या जागी. या अक्षरांचे जुने उच्चार आपल्या वर्णांच्या जवळचे होते, पुढे ते बदलले. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम तेथे रुजला. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू ७३६ साली चीनमार्गे जपानला पोहोचले आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी त्यांच्या हस्ते झाला, इतके हे नाते जुने आहे. पहिलीच्या वर्गात फळ्यावर लिहिलेली बाराखडी कोठवर पोहोचते, याची कल्पना लिहिणाऱ्या मॅडमनाही नसते. आपल्या शाळेत मराठी हा आता केवळ एक विषय उरला आहे. त्याचे तास आणखी कमी करण्याची सूचना जेव्हा जेव्हा येते तेव्हा विश्वस्त मंडळींनी ही दोन ओळींची वर्णमाला जरूर आठवावी.

या लिपीचा उपयोग पहिल्याच तासात झाला. पाटीवर 'तोइरे' वाचले, म्हणजे टॉयलेट. 'बासु' म्हणजे बस, 'ताकुशी' म्हणजे टॅक्सी, 'होतेरु' म्हणजे हॉटेल. मोठ्याने वाचले की अर्थ आपोआप उलगडतो. इंग्रजी येते म्हणून सगळे निभेल असे समजणाऱ्यांनी हेही ऐकावे, की मोठ्या स्थानकांवर इंग्रजी पाट्या पुष्कळ आहेत, पण गल्लीत शिरल्यावर इंग्रजीत उत्तर देणारा माणूस सहज भेटतोच असे नाही.

उएनोहून पुढे भुयारी रेल्वेचे एकच स्थानक जायचे होते. प्रत्येक स्थानकाला अक्षर व क्रमांक असतो. उएनो जी १६ आणि तिला उतरायचे ते इनारिचो जी १७. नाव विसरले तरी आकडा मोजून उतरता येते. आशियातील पहिली भुयारी रेल्वे डिसेंबर १९२७ मध्ये याच उएनो ते आसाकुसा या टप्प्यावर सुरू झाली.

इनारिचोला मात्र ती चुकली. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो, म्हणजे आधी शहर, मग प्रभाग, मोहल्ला, त्यातला तुकडा आणि शेवटी घराचा क्रमांक. रस्त्याचे नाव शोधत ती तीन चकरा मारून त्याच चौकात आली. फोनची बॅटरी संपत आलेली, पाठीवर ओझे, रात्रभर जागरण. डोळ्यांत पाणी आले असे तिनेच सांगितले. मग तिला कोपऱ्यावर 'कोबान' म्हणजे पोलीस चौकी दिसली. आत जाऊन तिने जपानीत लिहून आणलेला पत्ता पुढे केला. शिपायाने भिंतीवरचा मोठा नकाशा दाखवला, कागदावर चार रेघा ओढून दिल्या आणि दारापर्यंत येऊन दिशा दाखवली. दोघांत भाषेचा एकही पूर्ण शब्द झाला नाही. पत्ता जपानी लिपीत कागदावर लिहून नेणे ही सूचना आमची नव्हती, तिच्या आजींची होती. "फोन बंद पडला तर?" असे त्यांनी विचारले होते.

वसतिगृहात खोली तीन वाजता मिळणार होती. सामान तेथे ठेवून ती पुन्हा बाहेर पडली. खरे तर हेच योग्य झाले. दुपारी झोपली असती तर मध्यरात्री टक्क जागी राहिली असती. शरीराचे घड्याळ पुढे सरकवायचे तर दिवसाच्या उजेडात राहणे हाच उपाय. दुकानातून तिने ओनिगिरी घेतली, समुद्रवनस्पतीच्या पानात गुंडाळलेला भाताचा त्रिकोणी मुटका. आत खारवलेले आंबट फळ होते, त्याला उमेबोशी म्हणतात. शाकाहारी माणसाने तेथे सावध राहावे लागते, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशांचा अर्क असतो.

उएनोच्या बागेत चेरी फुलली होती. तेथील शिनोबाझु तळ्यात बेटावर एक मंदिर आहे, बेन्तेन्दो. देवतेचे नाव बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. हाती वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य असते. मूळ मंदिर १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळले, आताचे १९५८ साली उभारलेले आहे. पायऱ्यांवर बसून ताईने पुऱ्यांचा डबा उघडला आणि घरी फोन लावला. टोकियोत दुपारचे दोन, इंदूरला साडेदहा. आजींनी फोन घेतला व विचारले, "कोठे आहेस?" ती म्हणाली, "सरस्वतीच्या देवळात." आजींचा विश्वास बसला नाही, चित्र पाठवावे लागले.

त्या रात्री दहाला ती आडवी झाली, पण शरीराला साडेसहाच वाजलेले होते. जागरण असूनही बाराशिवाय झोप आली नाही. पहिली रात्र एकटेपणाची जाते, ते तिने लपवले नाही आणि आम्हीही लपवत नाही. चौथ्या दिवशी झोप जागेवर आली.

आता थोडे वाऱ्याविषयी. परतीचा प्रवास नऊ-साडेनऊ तासांचा होतो, कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अति वेगवान वारे वाहतात. जाताना ते मागून ढकलतात, येताना समोरून अडवतात. हे वारे टोकियोच्या ईशान्येस तातेनो येथे वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून मोजले. साऱ्या जगाला वाचता यावे म्हणून त्याने १९२६ साली अहवाल एस्पेरांतो या नव्याने रचलेल्या भाषेत छापला आणि तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना हेच वारे आडवे आले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

इयत्ता आठवी व नववीसाठी स्वाध्याय : ५,९०० किलोमीटरसाठी जाताना साडेसात व येताना साडेनऊ तास धरून दोन्ही सरासरी वेग काढा. खरे अंतर याहून अधिक का असते ते लिहा. इंदूर व वडोदरा यांच्या स्थानिक वेळेतील फरक काढा. आपल्या घराचा पत्ता जपानी पद्धतीने लिहा. पृथ्वीगोल शनिवारी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवलेला असेल, दोरा प्रत्येकाने आपला आणावा.