ठिबकचं अनुदान: कर्ज तिच्या नावावर, पैसे कोणाच्या खात्यात?

ठिबक बसवायचं ठरलं की घरच्यांना आधी आपला गट आठवतो. ताई गटातून कर्ज उचलते, दुकानदाराचे पैसे भागतात, रानात नळ्या पसरतात. काही महिन्यांनी अनुदान येतं, पण ते सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात! गटाचा हप्ता मात्र ताईच्याच माथी राहतो. असं होऊ नये म्हणून हा पाठ.

अनुदान किती?
पाणी वाचावं म्हणून केंद्र सरकार ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून ठिबक आणि तुषार संचाला मदत करतं. 2 हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण 5 एकरापर्यंत जमीन असलेल्यांना 55 टक्के, बाकीच्यांना 45 टक्के. महाराष्ट्रात मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात भर पडते आणि एकूण 80 व 75 टक्के होतात.

पण हे टक्के दुकानाच्या बिलावर धरत नाहीत, सरकारने ठरवलेल्या खर्चावर धरतात. समजा ठरवलेला खर्च 1,00,000 रुपये आहे आणि बिल झालं 1,20,000. अनुदान 80,000 च मिळणार. घरातून 40,000 जाणार, 20,000 नव्हे. कर्ज मागण्याआधी हा हिशोब कागदावर मांडा.

क्रम चुकवू नका
1. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. त्यासाठी फार्मर आयडी लागतो.
2. पूर्वसंमती मिळेपर्यंत थांबा. त्याआधी खरेदी केली तर अनुदान हातचं जातं.
3. मग संच बसवा, पक्कं बिल घ्या आणि पोर्टलवर चढवा.
4. शेतावर मोका तपासणी होते. त्यानंतर पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात.

अनुदान लगेच येत नाही, गटाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात सुरू होतो. तेवढे महिने हप्ता कुठून भरायचा, ते आधी ठरवा.

मुळाचा उपाय: सातबारा
2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशात शंभरातली सुमारे 14 च शेतखाती बायकांच्या नावावर होती. खुरपणी, लावणी, पाणी देणं आपण करतो, पण कागदावर आपण नसतो. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली. त्यानंतर 1992 मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, की पतीने अर्ज केला तर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. त्यासाठी तलाठ्याकडे चौकशी करा. नोंद झाल्यावर नाव खातेदारांमध्ये आलंय की नुसतं ‘इतर हक्कात’, तेही बघून घ्या. पती वारले असतील तर वारस नोंद आधी करून घ्या.

पुढच्या बैठकीत
- ठिबकसाठी कर्ज मागणाऱ्या ताईला तीन गोष्टी विचारा: सातबारा कोणाचा? पूर्वसंमती आली का? अनुदान कोणाच्या खात्यात येणार?
- अनुदान आल्यावर त्यातून आधी गटाचं कर्ज फेडू, असं नवरा-बायको दोघांनी बैठकीत सांगावं आणि ते इतिवृत्तात लिहावं.
- प्रत्येकीने घरचा सातबारा आणावा. आपल्यापैकी किती जणींचं नाव त्यावर आहे? मोजा, आणि आकडा ग्रामसंघाला कळवा.