दोन घरांचे पक्षी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या ईशान्य सीमेवर, नेवासे आणि शेवगाव या तालुक्यांच्या कडेने, एक विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. पैठणजवळ गोदावरी अडवून बांधलेल्या जायकवाडी धरणामुळे तो निर्माण झाला. या धरणाची पायाभरणी १९६५ साली तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. पैठणच्या संत एकनाथांच्या स्मरणार्थ या जलाशयास 'नाथसागर' असे नाव मिळाले. प्रवरा जेथे गोदावरीस मिळते, तो प्रवरासंगमही याच पाण्याच्या काठी आहे.

भोवतालची भूमी सपाट असल्यामुळे नाथसागराचे पाणी बऱ्याच ठिकाणी उथळ आहे. पावसाळा संपला, की कालव्यांवाटे पाणी शेतीला जाऊ लागते आणि जलाशयाचा काठ हळूहळू मागे सरतो. मागे ओला, काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या गाळात शेतकरी हरभरा, गहू पेरतात. यालाच आपण 'गाळपेर' म्हणतो. परंतु अगदी पाण्यालगतच्या चिखलात निसर्गाने आपले वेगळेच पीक घेतलेले असते. किडे, अळ्या, लहान गोगलगायी, शेवाळ आणि पाणवनस्पतींच्या बिया हे ते पीक होय. त्याच्या ओढीने दर हिवाळ्यात हजारो पक्षी येथे उतरतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पाणटिवळे, रोहित अशी कितीतरी नावे सांगता येतील. पक्ष्यांचे हे महत्त्वाचे ठिकाण ओळखून १९८६ साली शासनाने नाथसागरास पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केले.

या गर्दीत एक पक्षी सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. त्याचे नाव छोटा टिलवा. अंगाने तो चिमणीएवढा, रंगाने चिखलासारखाच करडा-तपकिरी. काळी, बारीक चोच चिखलात भराभर टोचीत तो काठाकाठाने धावत असतो. त्याचे वजन एखाद्या पोस्टकार्डांच्या लहानशा गठ्ठ्याहून अधिक नसते. हा इवलासा जीव कोठून आला असेल, असे तुम्हांला वाटते? त्याचा जन्म नाथसागराच्या काठी झालेला नसतो. तो झालेला असतो पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळ, रशियाच्या गोठलेल्या सागरकिनाऱ्यालगत. तैमिर द्वीपकल्पासारखे ते प्रदेश येथून सरळ रेषेत मोजले, तरी सुमारे ६,००० किलोमीटर दूर आहेत.

त्या प्रदेशाला टुंड्रा म्हणतात. तेथे वृक्ष नाहीत. आहेत ती शेवाळे, दगडफुले आणि जमिनीलगत सरपटणारी झुडपे. वर्षातील आठ-नऊ महिने सारी भूमी बर्फाखाली असते. अशा ठिकाणी पक्ष्यांनी घर करावे, हे नवलाचे वाटते. तथापि त्याचे कारण त्या भूमीच्या पोटातच दडलेले आहे. टुंड्रातील जमिनीचा खालचा थर बारमाही गोठलेला असतो. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो आणि बर्फाचे पाणी खाली मुरू न शकल्यामुळे ठिकठिकाणी साचून राहते. अशा रीतीने लक्षावधी डबकी, तळी आणि दलदली तयार होतात. त्यांत डास आणि इतर कीटक अक्षरशः ढगांसारखे उपजतात. शिवाय त्या दिवसांत तेथे कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. म्हणजे पिलांना चारा विपुल, आणि तो टिपण्यास चोवीस तासांचा उजेड! आपल्याकडे वैशाखात तळी आटत असतात, त्याच सुमारास उत्तरेत हे अन्नछत्र उघडू लागते.

टिलव्याची मादी जमिनीवरच्या लहानशा खळग्यात बहुधा चार अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात. अंगावरील पिसे वाळताच ती चालू लागतात आणि स्वतःच कीटक टिपू लागतात. त्यांना भरवीत बसण्यास वेळच नसतो. कारण टुंड्राचा उन्हाळा अल्पायुषी असतो. प्रौढ पक्षी आधी दक्षिणेकडे निघतात. पिले मागाहून, आईबापांच्या सोबतीवाचून, कधीही न पाहिलेल्या मुलखाकडे झेप घेतात. वाट दाखविणारी प्रेरणा त्यांना जन्मतःच मिळालेली असते.

नाथसागरावरील सर्वच पाहुणे इतक्या उत्तरेचे नसतात. चक्रवाक मध्य आशियातून व तिबेटाकडून येतो. तलवार बदक आणि थापट्या यांची घरटी युरोप व आशियाच्या उत्तर भागांतील पाणथळींत असतात. परंतु ही सारी माहिती माणसाला कशी मिळाली? डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तरांनी १८९९ साली पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घालून त्यांना सोडले. प्रत्येक कड्यावर क्रमांक व पत्ता कोरलेला असे. तसा पक्षी दुसऱ्या देशात कोणास सापडला, की त्याच्या प्रवासाचा पुरावा हाती येई. आपल्या देशात मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर केले. भारतात कडी घातलेली बदके पुढे सायबेरियात सापडली आणि दूरदूरचे हे दोन प्रदेश एका धाग्याने जोडलेले आहेत, हे सिद्ध झाले. आता तर लहान यंत्रे पक्ष्यांच्या पाठीवर बसवून कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने त्यांचा मार्ग नकाशावर पाहता येतो.

हा धागा जितका लांब, तितकाच नाजूक आहे. तो तुटला म्हणजे काय होते, हे एका पक्ष्याच्या कथेवरून समजेल. सायबेरियन क्रौंच हा शुभ्र, उंच, देखणा पक्षी पूर्वी दर हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर येत असे. त्याची घरटी पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यात होती. १९६४-६५ च्या हिवाळ्यात भरतपूरला असे सुमारे २०० क्रौंच मोजले गेले. पुढे त्यांची संख्या घटत गेली. भरतपूरला त्यांच्या रक्षणाची व्यवस्था होती; परंतु वाटेवरच्या देशांत त्यांची शिकार होत राहिली आणि विसाव्याची तळीही आटली. २००१-०२ च्या हिवाळ्यात तेथे केवळ एक जोडी आली. त्यानंतर भरतपूरच्या पाण्यावर त्यांचे पंख पुन्हा दिसले नाहीत. पूर्व सायबेरियातून चीनमध्ये जाणारे क्रौंच सुदैवाने आजही जिवंत आहेत. पण भारताची वाट जाणणारे क्रौंच संपले. घर सुरक्षित असून भागले नाही. वाटही सुरक्षित असावी लागते.

उत्तरेतील बदलाचा परिणामही दक्षिणेत दिसून येतो. टुंड्रात उंदरासारखे लेमिंग नावाचे प्राणी राहतात. ज्या वर्षी लेमिंग कमी होतात, त्या वर्षी भुकेले कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यांकडे व पिलांकडे वळतात. मग त्या हिवाळ्यात काही जातींचे तरुण पक्षी दक्षिणेकडे फार थोडे येतात. हा निसर्गाचा जुनाच क्रम आहे. परंतु आता पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि टुंड्रातील बर्फ पूर्वीपेक्षा लवकर वितळू लागले आहे. तैमिरमध्ये जन्मणाऱ्या नॉट नावाच्या पाणपक्ष्यासंबंधीचे एक संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. बर्फ लवकर वितळले, की कीटकांचा बहर पिले अंड्यांतून बाहेर येण्याआधीच ओसरू लागतो. मग पिलांना पुरेसे अन्न मिळत नाही. ती अंगाने लहान व चोचीने आखूड राहतात. हेच पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जातात, तेव्हा वाळूत खोल असलेले शिंपले त्यांच्या आखूड चोचींना लाभत नाहीत. उपासमार आफ्रिकेत होते, पण तिचे मूळ उत्तर ध्रुवाजवळ असते!

म्हणूनच अनेक देश या कामी एकमेकांस साहाय्य करू लागले आहेत. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळ प्रदेशांच्या रक्षणाचा करार झाला. रशियाने १९९३ साली तैमिरच्या परिसरात ४१,००० चौरस किलोमीटरांहून मोठे अभयारण्य राखून ठेवले. अहिल्यानगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. पण ते अभयारण्य त्याच्या दुपटीहूनही मोठे आहे. आपल्या राज्यातील नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वरही रामसर कराराच्या यादीत आले. तेथून गोदावरी पुढे वाहत येते, ती नाथसागरालाच मिळते.

नाथसागर पक्ष्यांसाठी बांधलेला नाही. तो शेतांची व माणसांची तहान भागविण्यासाठी बांधला गेला आणि त्यासाठी अनेक गावांनी आपली घरे व शेते पाण्याखाली जाऊ दिली. त्या पाण्यावर माणसाचा हक्क आहेच. परंतु काठाच्या चिखलातील मूठभर अन्न पक्ष्यांनाही पुरावे, अशी सोय ठेवणे आपल्याला कठीण नाही. पाण्यात विष न कालवणे, जाळ्यांनी व फाशांनी पक्षी न धरणे, काठावर केरकचरा न टाकणे, विसावलेल्या थव्यावर धावून न जाणे, एवढे तर शाळेतील मूलही करू शकते. उडविलेल्या थव्याची शक्ती व्यर्थ खर्ची पडते, आणि ती शक्ती त्यांना परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी हवी असते.

टिलव्याला आपण पाहुणा म्हणतो. पण पाहुणा चार दिवसांसाठी येतो. हा पक्षी वर्षाचे कित्येक महिने आपल्या मुलखात राहतो, येथेच अंगी बळ साठवतो आणि त्या बळावर आपली पुढची पिढी वाढविण्यास उत्तरेकडे जातो. तैमिर हे त्याचे एक घर, तर नाथसागर हे दुसरे. तैमिरच्या घराची राखण तेथील लोकांनी करावयाची. या घराची राखण आपल्याकडे आहे.

अभ्यास

१. टुंड्रा प्रदेशात उन्हाळ्यात इतकी तळी व दलदली का तयार होतात?
२. पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा उपयोग कोणता?
३. भरतपूरला संरक्षण असूनही सायबेरियन क्रौंच तेथे येईनासे का झाले?
४. 'उपासमार आफ्रिकेत होते, पण तिचे मूळ उत्तर ध्रुवाजवळ असते', हे विधान स्पष्ट करा.
५. तुमच्या गावाजवळच्या तळ्यावर, नदीवर किंवा पाझर तलावावर हिवाळ्यात कोणते पक्षी येतात? महिनाभर निरीक्षण करून त्यांची नोंद ठेवा.