टी-शर्टवरची शाई बसते कुठे?

मित्रांनो, आपण नोटा छापणाऱ्या गावात शिकतो! नाशिकरोडचं करन्सी नोट प्रेस १९२८ साली सुरू झालं. खिशात शंभराची नोट असेल (महिनाअखेर असेल तर रूम पार्टनरकडून मागून घ्या!) तर गांधीजींच्या चित्रावरून हळूच बोट फिरवा. शाईचा उंचवटा बोटाला लागतो. आता तेच बोट अंगातल्या टी-शर्टच्या छपाईवरून फिरवा. एखाद्यावर रबरासारखा थर लागेल, एखाद्यावर चिकटवलेल्या पट्टीसारखी कड लागेल, आणि एखाद्यावर चक्क काहीच लागणार नाही. छपाई किती टिकणार, हे बऱ्याच अंशी शाई अशी कुठे बसली आहे त्यावर ठरतं.

गॅदरिंग, टेक्निकल इव्हेंट, ढोल पथक, क्रिकेटची टीम, काहीही निघालं की टी-शर्टची वर्गणी आलीच. ती वर्गणी कोणी मेसचं बिल भरून उरलेल्या पैशातून देतो. टी-शर्ट मात्र 'जो स्वस्त देईल त्याच्याकडे' टाकले जातात, आणि चौथ्या धुण्याला ब्रँचचं नाव गळायला लागतं. म्हणून दोन मुख्य पद्धती नीट समजून घेऊ या.

स्क्रीन प्रिंटिंग

चौकटीवर पॉलिएस्टरची बारीक जाळी ताणून बसवतात. पूर्वी ही जाळी रेशमाची असे, म्हणून 'सिल्क स्क्रीन' हे नाव अजून चालतं. जाळीवर इमल्शन लावून अंधारात सुकवतात. वर डिझाइनची काळी पॉझिटिव्ह ठेवून प्रकाश दिला की उजेड लागलेला भाग कडक होतो आणि काळ्याखालचा भाग पाण्याने धुऊन निघतो. झाली डिझाइनच्या आकाराची चाळणी तयार! शाई टाकून स्क्वीजी ओढला की ती चाळणीतून थेट कापडावर उतरते. एका रंगाला एक स्क्रीन. चार रंग म्हणजे चार स्क्रीन, आणि चारही बरोबर एकमेकांवर जुळायला हव्यात.

शाईचे दोन प्रकार जास्त चालतात. पाण्यावरची पिगमेंट शाई धाग्यात थोडी मुरते, म्हणून हाताला मऊ लागते. दुसरी प्लॅस्टिसॉल, म्हणजे प्लॅस्टिसायझरमध्ये मिसळलेले पीव्हीसीचे कण. ही शाई हवेत वाळतच नाही. साधारण १६० अंश सेल्सिअसला 'भाजली' तरच पक्की होते. ग्यानबाची मेख इथेच आहे. वरून थर पक्का दिसतो, पण उष्णता तळापर्यंत पोहोचली नसेल तर शाई आतून कच्चीच राहते आणि धुण्यात तडकते. दोष पद्धतीचा नसतो, क्युअरिंगचा असतो.

हीट प्रेस

इथे डिझाइन आधी कागदावर किंवा फिल्मवर तयार होतं आणि मग गरम प्लेटखाली दाबून कापडावर जातं. तापमान, वेळ आणि दाब या तीन गोष्टी जमल्या की काम जमलं. याचे तीन प्रकार लक्षात ठेवा.

१) व्हिनाइल : रंगीत शीट मशीनवर कापून साधारण १५० ते १६० अंशांना १०-१५ सेकंद दाबतात. जर्सीवरचं नाव आणि नंबर यासाठी उत्तम, कारण प्रत्येक तुकडा वेगळा कापता येतो.

२) डीटीएफ : अलीकडच्या वर्षांत पसरलेली पद्धत. फिल्मवर रंग आणि त्यावर पांढरी शाई छापतात, ओल्या शाईवर गोंदाची पावडर टाकून वितळवतात आणि मग प्रेस करतात. फोटोसारखं डिझाइनही होतं, आणि गडद कापडावरही चालतं.

३) सब्लिमेशन : देवघरातला कापूर उघडा ठेवला तर तो पातळ न होता हवेत उडून जातो. हा रंगही २०० अंशांच्या आसपास घनरूपातून थेट वायू होतो. त्या तापमानाला पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळ्या सैल झालेल्या असतात. रंग आत शिरतो, आणि कापड थंड झालं की आतच अडकतो. थर नाहीच, मग तडकणार काय?

पहिल्या दोन प्रकारांत चित्र गोंदाच्या जोरावर कापडाच्या वर बसतं. सब्लिमेशनमध्ये रंग धाग्याच्या आत जातो.

कापड कोणतं?

सब्लिमेशन एवढं चांगलं तर सगळीकडे तेच का नको? कारण कॉटनमध्ये हा रंग धरत नाही, दोन-चार धुण्यांत फिका पडतो. शिवाय हा रंग पारदर्शक असतो, त्यामुळे कापड पांढरं किंवा अगदी फिकं लागतं. काळ्या टी-शर्टवर पिवळा सब्लिमेशन म्हणजे अमावास्येला चांदणं शोधणं!

उलट गंमतही होते. लाल पॉलिएस्टर जर्सीवर पांढरी प्लॅस्टिसॉल छापून ती १६० अंशांना भाजली, की कापडातला लाल रंग उडून वरच्या शाईत शिरतो. पांढरी अक्षरं गुलाबी होतात! यासाठी कमी तापमानाला पक्की होणारी वेगळी शाई मागावी लागते.

थोडं गणित

स्क्रीनला सुरुवातीचा खर्च जास्त, पण नंतर प्रत्येक नगाचा खर्च कमी. ट्रान्स्फरला सुरुवातीचा खर्च जवळजवळ नाही, पण शंभरावा नगही पहिल्याएवढाच महाग. हिशेबासाठी काही आकडे धरू (बाजारभाव तुम्ही विचारून घ्या) : एका स्क्रीनचे ४०० रुपये, एका रंगाच्या एका छापाचे १० रुपये आणि एका ट्रान्स्फरचे ७० रुपये.

एक रंग : ४०० + १०न = ७०न, म्हणजे ७ नगांपासून स्क्रीन स्वस्त.
तीन रंग : १२०० + ३०न = ७०न, ३० नगांना दोन्ही सारखे, त्यापुढे स्क्रीन स्वस्त.
पाच रंग : २००० + ५०न = ७०न, इथे बरोबरी थेट १०० नगांना.
सात रंग : २८०० + ७०न = ७०न. हे समीकरण सुटतच नाही. कितीही नग घ्या, स्क्रीन महागच!

गडद टी-शर्ट असेल तर रंगांखाली पांढरा थर द्यावा लागतो, म्हणून एक स्क्रीन जास्त धरा. थोडक्यात, 'किती नग' एवढंच विचारून भागत नाही, 'किती रंग' हेही विचारायला हवं. डिझाइन करणाऱ्याने दोन रंग कमी केले तर अख्ख्या वर्गाची वर्गणी कमी होते.

ऑर्डर देण्याआधी

सगळी रक्कम देण्याआधी एक नमुना छापून घ्या, आणि तोही त्याच कापडावर. छपाई दोन्ही हातांनी ताणा. बारीक भेगा पडल्या तर क्युअरिंग कच्चं असण्याची शक्यता मोठी. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का बघा. मग नमुना होस्टेलच्या पद्धतीने, म्हणजे बादलीत भिजवून आणि ब्रश मारून, पाच वेळा धुवा. आपली धुलाई लॅबपेक्षा कडक असते! प्रिंटवर थेट इस्त्री मात्र कोणत्याच पद्धतीत नको. टी-शर्ट उलटा करूनच धुवा आणि उलट्या बाजूनेच इस्त्री करा.

रूमवर स्वतः स्क्रीन बनवून चार पैसे कमवायचा विचार असेल तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. काही इमल्शनमध्ये डायक्रोमेट असतं. ते विषारी आहे, कर्करोगालाही कारण ठरतं. हातमोजे न घालता त्याला हात लावू नका आणि ते पाणी होस्टेलच्या बाथरूममध्ये ओतू नका. नाल्यातून ते गोदावरीपर्यंत पोहोचू शकतं. डायक्रोमेट नसलेली इमल्शन्स मिळतात, तीच घ्या.

मग निवड कशी करायची?

पूर्ण ब्रँचचे कॉटन टी-शर्ट आणि एक-दोन रंग : स्क्रीन. वीस-पंचवीस नग आणि रंगीबेरंगी चित्र : डीटीएफ. फिकी पॉलिएस्टर जर्सी : सब्लिमेशन. प्रत्येकाचं वेगळं नाव : व्हिनाइल. आधी कापड, मग रंग, मग नग आणि सगळ्यात शेवटी भाव, या क्रमाने विचारा. दुकानदार 'एकदम पक्की प्रिंट' म्हणाला की फक्त एवढंच विचारा, "काका, शाई बसते कुठे?" उत्तर नीट आलं तर ऑर्डर द्यायला हरकत नाही!