दंतमूलरक्षण : रूढ समज आणि वस्तुस्थिती

आचार्य सुश्रुतांनी निदानस्थानाच्या १६ व्या अध्यायात ६५ मुखरोग वर्णिले आहेत. त्यांपैकी प्रत्यक्ष दातांचे रोग ८, तर दंतमूलांचे १५ आहेत. दाताचे आयुष्य हिरडीवर किती अवलंबून असते, हे या गणनेतूनच सूचित होते. व्यवहारात मात्र रुग्णाचे लक्ष दातांच्या शुभ्रतेकडे असते आणि हिरडीविषयी तो ऐकीव गोष्टींवर विसंबतो. यांतील काही समजुती आयुर्वेदाच्या नावावर खपतात, ही आपल्या दृष्टीने अधिक गंभीर बाब होय. म्हणून नित्य आढळणाऱ्या पाच समजांचा येथे विचार करू.

१. समज : हिरडीतून रक्त आल्यास दात घासणे बंद ठेवावे.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा दात व हिरडी यांच्या सांध्यावर साचलेल्या जिवाणूंच्या चिकट थरामुळेच हिरडी सुजते व रक्त येते. घासणे थांबविल्यास हा थर वाढतो आणि व्याधी बळावते. मृदू ब्रशने, हलक्या हाताने दोन्ही वेळा स्वच्छता ठेवल्यास प्रारंभीची सूज साधारणतः एक-दोन आठवड्यांत ओसरते. मुखपाकादी अवस्थांत दंतकाष्ठ निषिद्ध आहे हे खरे. पण त्याचा अर्थ मुखशुद्धीच टाळावी, असा घेणे योग्य नव्हे.

२. समज : दातांवरील किटण काढल्याने दात हलू लागतात.
वस्तुस्थिती : लाळेतील क्षारांमुळे तोच थर कठीण होऊन किटण बनते. सुश्रुतांनी यालाच दंतशर्करा म्हटले असून, दंतमूलांना इजा न होऊ देता ती काढून टाकावी, असे चिकित्सास्थानात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे हा उपचार आपल्या शास्त्राला परका नाही. किटणामुळे दाताभोवतीचे हाड आधीच झिजलेले असते; किटणाचा आधार निघताच ती शिथिलता रुग्णाला जाणवते इतकेच. उपचारानंतर काही दिवस दंतहर्ष होऊ शकतो, याची पूर्वकल्पना द्यावी.

३. समज : मशेरी हे पारंपरिक, म्हणून निर्धोक दंतमंजन आहे.
वस्तुस्थिती : मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून पोर्तुगीजांच्या काळात ती भारतात आली. संहितांतील दंतशोधनद्रव्यांशी तिचा संबंध नाही. मशेरीने व्यसन जडते, हिरड्या खाली सरकतात आणि मुखकर्करोगाचा धोका संभवतो. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजन यांच्या उत्पादनास व विक्रीस केंद्र शासनाने १९९२ मध्येच बंदी घातली. घरी भाजल्या जाणाऱ्या मशेरीला मात्र केवळ वैद्याचा उपदेशच आवर घालू शकतो.

४. समज : मंजन जितके खरखरीत, तितके दात स्वच्छ.
वस्तुस्थिती : राखुंडी, विटेची पूड वा जाड मीठ जोराने घासल्यास दातावरील कठीण कवच झिजते व ते पुन्हा निर्माण होत नाही. दंतशोधनचूर्णाने, मृदू कूर्चकाने, एकेक दात, दंतमांसास बाधा न आणता घासावा, हाच सुश्रुतांचा विधी आहे. चूर्ण देताना ते वस्त्रगाळ असल्याची खात्री करावी.

५. समज : वरची दाढ काढल्यास दृष्टी अधू होते.
वस्तुस्थिती : दातांच्या संवेदना वाहणारी नाडी आणि दृष्टीची नाडी या सर्वस्वी भिन्न आहेत. या भीतीने किडलेली दाढ तशीच ठेवल्यास पू पसरून चेहरा व गळा यांवर सूज येऊ शकते आणि क्वचित प्राणावरही बेतते. लवंगतेलाने वेदना शमते, परंतु कीड थांबत नाही.

चिकित्सकाचे कर्तव्य

तिलतैलाचा गंडूष, त्रिफळा क्वाथाचा कवल आदी उपक्रम स्वच्छतेला पूरक आहेत. दृढ झालेली दंतशर्करा त्यांनी निघत नाही. स्वच्छता राखूनही रक्त थांबत नसेल, तर मधुमेह, रक्तविकार व रक्त पातळ करणारी औषधे यांचा विचार करावा. अनियंत्रित मधुमेहात दंतमूलांचे रोग बळावतात आणि त्या रोगांमुळे रक्तशर्करा आटोक्यात ठेवणेही कठीण होते.

दात हलणे, ज्वरासह सूज, तोंड उघडण्यास अडथळा, पांढरा वा लाल चट्टा, तसेच दोन आठवड्यांत न भरणारा व्रण आढळल्यास दंतवैद्याकडे किंवा संबंधित तज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. ग्रामीण भागात असा रुग्ण अनेकदा प्रथम वैद्याकडेच येतो. तेव्हा जिव्हापरीक्षणासाठी तोंड उघडविताच हिरड्याही पाहाव्यात आणि मशेरीविषयी प्रत्येकास, विशेषतः स्त्री रुग्णांस, आवर्जून विचारावे. या दोन मिनिटांच्या परीक्षणाने कित्येकांचे दात वाचतील, आणि एखाद्याचे प्राणही.