‘कट्यार’ नेमकी कुणाची ऐकावी?

प्रश्न : ‘कट्यार काळजात घुसली’ची पदं नाटकातली ऐकावीत की चित्रपटातली? – एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : आधी नाटकातली. 1967 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाला चाली जितेंद्र अभिषेकींच्या, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यांचं ‘घेई छंद मकरंद’ लावा. तान अंगावर येते. गाण्यातच खाँसाहेबांची ईर्षा दिसते. साथ मोजकी, त्यामुळे लक्ष गळ्यावरून हटत नाही. 2015च्या चित्रपटात खाँसाहेबांना आवाज वसंतरावांचे नातू राहुल यांचा. तयारी दमदार, पण भोवतीचा वाद्यमेळ मला जरा जास्तच वाटतो. महेश काळे यांचं ‘अरुणी किरणी’ मात्र चुकवू नका. राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला.  तरी माझं मत वसंतरावांना.