गरम झाली की बंद पडणारी मोटार : क्रँक सेन्सर कसा तपासावा



मोटार सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, तासभर विनातक्रार धावते आणि भर दुपारी रस्त्यात एकाएकी बंद पडते. अर्धा तास थांबावे, तर जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू होते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंड झालेली असते. त्यामुळे मेकॅनिकला दोष सापडत नाही, आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलणे सुरू होते. या दुखण्याचे मूळ पुष्कळदा क्रँकशाफ्टजवळच्या एका लहानशा सेन्सरमध्ये असते.

उदाहरणादाखल कुवेत घेऊ, कारण मोटारीची इतकी कठीण उन्हाळी परीक्षा दुसरीकडे क्वचितच होते. तेथील मित्रिबा या ठिकाणी 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळात उघड्यावर काम करण्यास मनाई असते. अशा उन्हात हमरस्त्यावर ताशी 120 किलोमीटरने जाणारी गाडी मधल्या पट्ट्यात बंद पडली, तर मागून येणाऱ्या गाड्यांचे भय आणि आत मुलेबाळे असतील तर उष्माघाताचेही. शिवाय खर्च आहेच. शुवैखच्या औद्योगिक भागात गॅरेजांच्या रांगा आहेत. पण महिन्याच्या पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्याने आज पंप, उद्या कॉइल असे किती बदलावे? दिमोनाहून अरावाच्या रस्त्याने एलातला जाणाऱ्यांनाही हे सारे उपयोगी पडेल.

मुंबईची जुनी फियाट किंवा अँबॅसिडर ज्यांनी चालवली, त्यांना डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आठवत असतील. पॉलिश पेपरने ते घासले की गाडी पुन्हा सुरळीत चाले. ठिणगी केव्हा पडावी हे ते पॉइंट ठरवीत. आता ते काम कॉम्प्युटर करतो, आणि क्रँकशाफ्ट कोठे आहे हे त्याला हा सेन्सर कळवतो. शाफ्टवर दातांचे एक चाक असते. पुष्कळ गाड्यांत 60 दातांच्या जागा असून त्यांतले 2 मुद्दाम गाळलेले असतात. टोयोटाच्या पुष्कळ इंजिनांत 36 पैकी 2 गाळून 34. गाळलेल्या जागेवरून कॉम्प्युटर फेऱ्याचा आरंभ ओळखतो. सेन्सर मुका झाला की इंजिन फिरते आहे हेच कॉम्प्युटरला कळत नाही. तो ठिणगी थांबवतो आणि पेट्रोलही थांबवतो.

निदानाची किल्ली येथेच आहे. पेट्रोलचा पंप बिघडला तर ठिणगी असते. एखादी कॉइल गेली तर गाडी बंद न पडता मिसिंग करते. दोन्ही गोष्टी एकदम नाहीशा झाल्या, तर दोघांचे जे समाईक मूळ आहे तेथे पाहावे. बहुतेक गाड्यांत हे मूळ क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा कॉम्प्युटरचा मुख्य रिले असते.

म्हणून तपासणी गाडी गरम असताना आणि बंद पडलेली असतानाच करावी. थंड गाडीची तपासणी म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणे. रस्त्यात बंद पडली तर आधी कडेला घ्यावी. चावी काढू नये, स्टिअरिंगला कुलूप बसेल. इंजिन थांबल्याने स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीन दाबांनंतर ब्रेकही कडक होतो. सुरक्षित जागी आल्यावर सेल्फ मारताना फेऱ्यांच्या काट्याकडे पाहावे. काटा अजिबात हलला नाही तर संशय बळावतो. काही गाड्यांत चांगला काटाही त्या वेळी हलत नाही, त्यामुळे स्कॅनर असल्यास अधिक बरे. सेल्फ फिरत असताना सुमारे 200 फेरे दिसले पाहिजेत. शून्यच राहिले, तर सेन्सरची खबर पोहोचत नाही असे समजावे. स्कॅनरवर पी 0335 हा क्रमांक येतो. मात्र हा क्रमांक सेन्सरच्या सर्किटचा आहे, केवळ सेन्सरचा नव्हे. आणि दोष ये-जा करणारा असेल तर तो येईलच असेही नाही.

पूर्वी खंडाळ्याच्या घाटात फियाटच्या पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवीत. तीच युक्ती येथे वेगळ्या कारणाने चालते. सेन्सरपर्यंत हात पोहोचत असेल तर ओल्या फडक्याने तो थंड करावा. गाडी लगेच चालू झाली तर दोष जवळजवळ सापडला. पट्टे, पंखा आणि सायलेन्सरच्या गरम नळीपासून हात मात्र दूर ठेवावा.

मग मीटर. दोन वायरींचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्याचा रोध बहुधा काही शे ते दीड हजार ओहमच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. थंड असताना एकदा आणि गरम असताना एकदा मोजावा. उष्णतेने तार फाकून तुटत असेल तर गरमीत आकडा अनंतावर जातो. तीन वायरींचा सेन्सर सहसा हॉल जातीचा असतो. त्याचा रोध मोजू नये. त्याला पुरवठा (5 किंवा 12 व्होल्ट) व अर्थ मिळतो का, आणि सेल्फ मारताना खुणेच्या वायरीवर व्होल्ट वरखाली होतात का, हे पाहावे. ठिणगी पाहण्यासाठी वायर पत्र्याजवळ धरण्याची जुनी सवय सोडावी. आजच्या कॉइलचा झटका हजारो व्होल्टचा असतो आणि कॉम्प्युटरही जळू शकतो.

नवा सेन्सर घेण्याआधी प्लग उघडून तेल, धूळ आणि हिरवट गंज पाहावा. उन्हाने कडक होऊन तडकलेली वायर हलवून पाहावी. बॅटरीही तपासावी, कारण इंजिन मंद फिरले तर दोन वायरींच्या सेन्सरची खूण दुबळी पडते, आणि कुवेतसारख्या उन्हात बॅटऱ्या लवकर संपतात. सेन्सरच्या टोकावर चुंबकाने ओढलेला लोखंडी चुरा असेल तर पुसून पुन्हा परीक्षा करावी.

बदलायचाच ठरल्यास स्वस्त नक्कल घेऊ नये. ती पुढच्या जुलैत तेच दुखणे आणते. काही गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरवरून कॉम्प्युटरला ओळखून द्यावा लागतो, हे मेकॅनिकला आधी विचारावे. गाडी ताब्यात घेताना संध्याकाळी न घेता दुपारी घ्यावी, तासभर वातानुकूलन लावून चालवावी, दहा मिनिटे उन्हात बंद करून ठेवावी आणि मगच पुन्हा सेल्फ मारावा.