क्लचची वायर : ढील किती ठेवावी?



या अंकातील विज्ञानाच्या पानासाठी आम्ही जुन्या बुलेट मोटरसायकलच्या क्लचची वायर हा विषय घेतला आहे. विषय वाचून विश्वस्त मंडळातील काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावतील, याची आम्हाला कल्पना आहे. पण तरफ, घर्षण, ताण, दाब आणि न्यूटनचा तिसरा नियम हे सर्व एकाच ठिकाणी, हाताने चाचपून पाहता येईल असे दुसरे उदाहरण आम्हाला तरी चटकन सापडत नाही. शिवाय ही वस्तू आपल्या इंदूरमध्ये अजून रस्त्यावर दिसते. 1955 साली मद्रास येथे एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि इंग्लंडची ही गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. फौज आणि पोलीस या दोघांनीही ती वापरली. महूची छावणी आपल्या इतक्या जवळ असल्यामुळे आपल्या भागातील लोकांना तिचा आवाज लहानपणापासून ओळखीचा आहे. बिडाच्या सिलिंडरची ती जुनी रचना 2010 च्या सुमारास बंद झाली. तरी आजोबांची किंवा वडिलांची म्हणून जपलेली गाडी अनेक घरांत आहे.

खाली लिहिले आहे ते गियरचा लिव्हर उजव्या पायाला असलेल्या, चार गियरच्या जुन्या बुलेटबद्दल. जावा आणि येझदीमध्ये गियरचा लिव्हर हाच किकही असतो आणि त्यांच्या क्लचची मांडणी निराळी आहे. ज्यांच्या घरी त्या गाड्या आहेत, त्यांनी ही कृती जशीच्या तशी करू नये.

प्रथम क्लच काय करतो ते पाहू. इंजिन फिरते आणि मागचे चाकही फिरते, पण गियर बदलताना किंवा गाडी थांबवताना या दोघांची सोबत क्षणभर तोडावी लागते. त्यासाठी मध्ये गोल प्लेटांची एक चळत बसवलेली असते. त्यातल्या एकाआड एक प्लेटा इंजिनाच्या बाजूला अडकलेल्या, उरलेल्या गियरबॉक्सच्या बाजूला. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर घट्ट दाबून धरतात आणि घर्षणामुळे सगळी चळत एकजीव होऊन फिरते. आपण डाव्या हाताने लिव्हर दाबला की वायर ओढली जाते, गियरबॉक्सच्या उजव्या कव्हरमधला छोटा लिव्हर हलतो आणि पोकळ शाफ्टमधून आरपार गेलेली एक सळई डावीकडे सरकून प्लेटांवरचा दाब काढते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. प्लेटा जोडण्याचे काम स्प्रिंगांचे आहे, हाताचे नाही. हात फक्त सोडवतो. म्हणून लिव्हर मोकळा असताना वायरीने सळईला स्पर्शसुद्धा करता कामा नये. वायर ताणलेली राहिली, तर कोणीतरी चोवीस तास क्लच थोडासा दाबून बसल्यासारखे होते. स्प्रिंगांचा काही जोर वायरीविरुद्ध खर्च होतो, उरलेला प्लेटांना पुरत नाही आणि प्लेटा घसरू लागतात. घसरल्या की तापतात, तापल्या की झिजतात. याउलट वायर फारच सैल असेल, तर लिव्हर मुठीपर्यंत दाबूनही प्लेटा पुरत्या सुटत नाहीत. मग गियर कडकड वाजतो, सिग्नलवर गियरमध्ये उभी असलेली गाडी पुढे सरकू पाहते आणि न्यूट्रल काही केल्या लागत नाही. पुढे पादचारी ओलांडत असताना गाडी अशी पुढे उसळली तर काय होईल, हे सांगायला नको.

आता वायरीकडे येऊ. आपण एकच वायर म्हणतो, पण ती दोन वस्तूंची जोडी आहे : आत बारीक तारांचा पीळ, ज्याला मिस्त्री इनर म्हणतात, आणि बाहेर सर्पिल तारेची नळी, म्हणजे आउटर. ही युक्ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन या गृहस्थांच्या नावाने ओळखली जाते. तिचे ब्रिटिश पेटंट 1896 सालचे आहे. इनर खेचला जातो, म्हणजे त्यात ताण असतो. आउटर दोन्ही टोकांना टेकलेला असल्याने तितक्याच जोराने दाबला जातो. क्रिया आणि प्रतिक्रिया. आउटर नसता तर वायर वळणावरून ओढताच ती सरळ होऊ पाहिली असती आणि हँडल वळवताना दर वेळी क्लच आपोआप दाबला गेला असता. याचा प्रयोग घरच्या सायकलच्या ब्रेकवर करता येतो. ब्रेक दाबताना आउटरच्या वळणावर बोट ठेवा. वळण किंचित उघडल्यासारखे हलते. तोच तो दाब.

म्हणूनच वायरीचा अॅडजस्टर आउटरवर असतो, इनरवर नव्हे. काही गाड्यांत तो हँडलजवळ असतो, काहींत वायरीच्या मध्येच. त्याचा स्क्रू बाहेर काढत गेलो की आउटरची वाट लांब होते. इनर तेवढाच राहतो आणि ढील कमी होते. विद्यार्थ्यांना हे उलटे वाटते : वायर घट्ट करायची आणि स्क्रू मात्र बाहेर काढायचा! पाठ करण्याऐवजी एकदा कागदावर आकृती काढा, पुन्हा विसरणार नाही. (स्क्रूवरच्या ज्या रेषांना पुस्तकी मराठीत आटे म्हणतात, त्यांना आपल्या इंदूरचा मिस्त्री चूडी म्हणतो. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने आमच्याही तोंडी चूडीच येते. मुलांनी दोन्ही शब्द शिकावेत, पाना धरताना चूडी आणि परीक्षेत आटे.)

यानंतरचा मुद्दा बहुतेकांना कोणी सांगितलेला नसतो. गाडी वापरात असताना दोन गोष्टी झिजतात आणि त्यांचा परिणाम एकमेकांच्या विरुद्ध असतो. वायर जुनी झाली की इनर किंचित लांबतो, आउटर दबतो आणि ढील वाढते. पण प्लेटा झिजल्या की त्यांची चळत पातळ होते, स्प्रिंगा तिला आत ढकलतात आणि सळई उजवीकडे, कव्हरमधल्या लिव्हरच्या दिशेने सरकते. म्हणजे ढील घटते. वायरीची झीज ढील देते आणि प्लेटांची झीज ती खाते. म्हणून क्लच बिघडला की वायर घट्ट करा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला निम्म्या वेळा उलटाच पडतो.

आपल्या एका पालकांची गाडी याचे उदाहरण आहे. खंडवा रोडवर भेरूघाटात चढताना इंजिन ओरडायचे, पण वेग वाढत नसे. एका गॅरेजमध्ये वायर आणखी ताणून दिली. महिन्याभरात गाडी सपाट रस्त्यावरही ओढेना. मग इंजिनाचे मोठे काम निघाल्याचे त्यांना सांगण्यात आले. खर्चाचा आकडा ऐकून, वडिलांची ती गाडी भंगारात द्यावी इथपर्यंत घरात बोलणे गेले. प्रत्यक्षात इंजिन ठणठणीत होते. लिव्हरला ढीलच उरली नव्हती. प्लेटा जळाल्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या, पण गाडी घरात राहिली. ढील आधीच पाहिली असती तर प्लेटाही वाचल्या असत्या.

तपासणी सोपी आहे. हँडलवरचा लिव्हर बोटाने हलकेच ओढा आणि वायरीला ओढ लागण्यापूर्वी तो बुंध्याशी किती उघडतो ते पाहा. ही फट जाड नाण्याइतकी, म्हणजे सुमारे दोन मिलीमीटर असावी. टोकाशी हीच ढील बरीच जास्त दिसते, कारण लिव्हर ही तरफ आहे. समजा टेकूपासून वायरीचे अंतर अडीच सेंटीमीटर आणि बोटांचे दहा सेंटीमीटर असेल, तर बुंध्याचे दोन मिलीमीटर बोटापाशी आठ होतील आणि बोटाचा जोर वायरीवर चौपट पडेल. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरच्या गाडीवर पट्टीने ही दोन्ही अंतरे मोजून स्वतःचे गुणोत्तर काढावे.

ढील चुकीची असेल तर दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी गियरबॉक्स, मग वायर. इंजिन बंद आणि थंड असू द्या. काम उजव्या बाजूला आहे आणि गरम सायलेन्सरही त्याच बाजूला असतो. गाडी मोठ्या स्टँडवर घ्या. वायरीच्या अॅडजस्टरचा चेकनट सोडून स्क्रू पुरता आत घाला, म्हणजे वायर अगदी लोंबती होईल. ही पायरी गाळू नये. वायर ताणलेली असताना पुढचे माप खोटे येते. आता गियरबॉक्सच्या बाहेरच्या कव्हरवरचे छोटे झाकण काढा. आत एक स्क्रू आणि त्यावर चेकनट दिसेल. चेकनट सैल करून स्क्रू पेचकसाने हळूहळू आत फिरवा. एका जागी तो सळईला टेकतो आणि हाताला विरोध जाणवतो. तिथेच थांबा. जोर लावून पुढे जाल तर प्लेटा उचलल्या जातील. टेकल्याच्या जागेपासून पाव ते अर्धा फेरा मागे घ्या, पेचकस तसाच धरून ठेवा आणि चेकनट आवळा. नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून आवळल्यावर स्क्रूची जागा पुन्हा पाहावी. मग झाकण लावून वायरीचा अॅडजस्टर बाहेर काढत जा आणि बुंध्याशी नाण्याइतकी ढील उरली की त्याचाही चेकनट आवळा.

यानंतर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही टोकांना ढील तपासा. एका बाजूला ती नाहीशी होत असेल तर अॅडजस्टरला दोष देऊ नका. वायर कुठेतरी अडकली आहे किंवा तिची वाट चुकली आहे.

खरी परीक्षा किक देते, कारण बुलेटची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते. इग्निशन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबून किक मारा : ती इंजिन न फिरवता मोकळी खाली गेली पाहिजे. क्लच सोडून मारा : कॉम्प्रेशनचा भक्कम विरोध लागला पाहिजे. पहिल्या वेळी इंजिन फिरले तर प्लेटा सुटत नाहीत. दुसऱ्या वेळी किक सुर्रकन घसरली तर त्या धरत नाहीत. जुनी मंडळी सकाळी गाडी सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किक मारतात, ती नुसती सवय नव्हे. रात्रभर तेलात चिकटून बसलेल्या प्लेटा त्याने सुटतात.

ढील बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर दोष प्लेटांचा किंवा स्प्रिंगांचा आहे. तिथे चांगल्या मिस्त्रीकडेच जावे.

वायर तुटते ती बहुधा लिव्हरजवळच्या निपलापाशी. निपल म्हणजे इनरच्या टोकाला झाळलेला धातूचा छोटा मणी. लिव्हर दाबताना तो आपल्या भोकात फिरायला हवा. गंज चढून तो जाम झाला, की दर वेळी इनर त्याच एका बिंदूवर वाकतो आणि एकेक तार तुटत जाते. एक तार जरी फुटलेली दिसली तरी वायर बदलावी. निपलाला चिमूटभर ग्रीस लावणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. आउटरमध्ये तेल सोडण्यासाठी वायरीचे वरचे टोक काढून त्याभोवती प्लास्टिकच्या पिशवीचा कोन बांधावा, त्यात थोडे पातळ तेल ओतून वायर रात्रभर टांगून ठेवावी. सकाळी खालून थेंब पडू लागले की समजावे तेल पोहोचले. नायलॉनचे अस्तर असलेल्या नव्या वायरींना मात्र असे तेल देऊ नये.

पालकांना दोन कायदेशीर गोष्टी सांगायच्या आहेत. मुलांनी पाना जरूर हाती घ्यावा, गाडी मात्र अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत रस्त्यावर नेऊ नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसरे असे, की पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी 2021 च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, म्हणून घरची गाडी रोज चालवायची असेल तर अर्ज करण्यापूर्वी विचार करावा.

लांबच्या प्रवासाला निघताना एक सुटी वायर सोबत असावी. डिकीत गुंडाळून ठेवण्यापेक्षा ती जुन्या वायरीशेजारून, त्याच वाटेने नेऊन चिकटपट्टीने बांधून ठेवणे चांगले. रस्त्यात जुनी तुटली तर टाकी न काढता, फक्त दोन टोके अडकवून काम होते. तोवर तिची दोन्ही तोंडे प्लास्टिकने बंद ठेवावीत, म्हणजे आत धूळ आणि पावसाचे पाणी जाणार नाही.